पुण्याच्या नोकरीला नाही म्हणणाऱ्या मुलीचा हिशेब

पत्र थोडक्यात असं: पत्रलेखिका सोलापुरातल्या एका खासगी कंपनीच्या अकाउंट्स विभागात आहेत. कंपनीनं सीएसआरच्या, म्हणजे सामाजिक कामासाठी राखायच्या पैशातून शहराच्या पूर्व भागातल्या एका संस्थेबरोबर उपक्रम सुरू केला. विडी आणि यंत्रमाग कामगारांच्या घरातल्या एकेका मुलामुलीला कंपनीतला एक ‘मेंटॉर’, म्हणजे मार्गदर्शक द्यायचा आणि वर्षभरात त्यांना नोकरीला लावायचं. पत्रलेखिकांकडे आलेली मुलगी एकोणीस वर्षांची, बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. आई विड्या वळते, वडील मागावर. आठ महिने दर शनिवारी भेट झाली. बायोडेटा, मुलाखतीची तयारी, इंग्रजी बोलायचा सराव, सगळं झालं. पुण्याहून महिना १६,००० रुपयांची ऑफर आली. रुजू व्हायच्या आदल्या आठवड्यात मुलगी म्हणाली, ‘अक्का, मला जमणार नाही.’ तेव्हापासून ती फोन उचलत नाही. वरिष्ठ म्हणतात, ‘समजावा तिला, मार्चअखेरच्या अहवालात आकडा कमी पडतोय.’ वार्षिक कार्यक्रमात तिचीच यशोगाथा सांगायची ठरली होती. पत्रलेखिका विचारतात: ‘घरच्यांनीच तिला मागे ओढलं असणार. मी अजून जोर लावू, की जिला खरंच पुढे जायचंय अशा दुसऱ्या मुलीला वेळ देऊ?’

ताई,

नोकरी, घर सांभाळून आठ महिने दर शनिवार दुसऱ्याच्या लेकीसाठी काढणं सोपं नाही. तुम्ही ते केलंत, आणि शेवटच्या आठवड्यात सगळं थांबलं. तुम्हाला राग आला असणार आणि वाईटही वाटलं असणार. दोन्ही रास्त आहे. तुमच्या पत्रात मात्र एक गोष्ट तुम्ही धरूनच चालला आहात: घरच्यांनी मागे ओढलं. ती तसं म्हणालेली नाही. ती ‘जमणार नाही’ एवढंच म्हणाली. का जमणार नाही, हे अजून कुणी विचारलंय असं पत्रातून दिसत नाही.

तुम्ही अकाउंट्समधल्या, म्हणून आधी हिशेबच मांडू.

ऑफर १६,००० ची. हा आकडा सीटीसीचा, म्हणजे कंपनीला पडणाऱ्या एकूण खर्चाचा असेल, तर त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि ईएसआय (कामगार विमा) आधीच धरलेला असतो. तो वजा केला की पगार पावणेचौदा हजारांच्या आसपास येतो. त्यातून मुलीच्या वाट्याचा १२ टक्के पीएफ आणि ०.७५ टक्के ईएसआय गेला, की पूर्ण पगारावर पीएफ धरल्यास हातात साधारण १२,००० उरतात. महाराष्ट्रात महिलांना महिना २५,००० पर्यंत व्यवसाय कर लागत नाही, तेवढी बचत. आता पुण्यात दोन वेळच्या जेवणासह पीजीचे समजा ७,००० धरा. कामावर जायची बस, मोबाइल, साबण-तेल, औषधपाणी यांचे दोनेक हजार. महिन्यातून एकदा सोलापूरला येणं-जाणं. घरी पाठवायला अडीच हजार उरले तरी खूप झाले.

हे झालं पगार सुरू झाल्यावरचं. त्याच्या आधीचा काळ जास्त अवघड असतो, आणि आपण पगारदार माणसं तो विसरतो. पीजीवाला पहिल्याच दिवशी डिपॉझिट आणि महिन्याचं भाडं मागतो. रुजू झाल्यापासून पहिला पगार खात्यात पडेपर्यंत महिना-सव्वा महिना जातो. म्हणजे मुलीला निघतानाच हातात पंधरा-वीस हजार हवेत. ते कुणी द्यायचे? पूर्व भागातल्या कितीतरी घरांत गटाच्या कर्जाचा हप्ता दर आठवड्याला भरावा लागतो. वडिलांचा पगारही बहुधा आठवड्यानं होतो. ज्या घरात पैसा आठवड्यानं येतो आणि आठवड्यानं जातो, तिथे ‘पुढच्या महिन्यात पगार आला की देईन’ या वाक्यावर कुणाचं भागत नाही.

एक गोष्ट कागदावर कधीच येत नाही. विडीचं काम घरात चालतं आणि मोबदला नगावर मिळतो. पानं कातरायला, विड्या वळायला लेकीचे हात आईच्या हाताशी असतात. ती पुण्याला गेली, तर घराला तिच्या पगारातून येणारे पैसे बघायचे, तसे आईच्या कमी भरणाऱ्या विड्याही बघायला हव्यात. शिवाय कॉलेज. दुसऱ्या वर्षात शिक्षण सोडून ती सोळा हजारांवर गेली, तर पुढची बढती मागताना पदवी कुठून आणणार?

मला तुमच्या त्या मुलीचं घर माहीत नाही. पण हा हिशेब तिनं मनातल्या मनात केला असेल, अशी शक्यता मला फार मोठी वाटते. तसं असेल, तर तुमची मुलगी घाबरली नाही, तिनं वजाबाकी केली. आठ महिन्यांत तुम्ही तिला स्वतःचा विचार करायला शिकवलंत, आणि त्याचा पहिला मोठा वापर तिनं तुम्हाला नकार देण्यासाठी केला. वाईट वाटेल असंच आहे हे, पण त्याला अपयश म्हणायला मी तयार नाही.

आता तुमच्या पत्रातल्या एका ओळीकडे वळते. परीक्षेच्या आणि क्लासच्या फीसाठी तुम्ही तिला तीन हजार रुपये ‘उसने’ दिलेत, संस्थेत कुणाला न सांगता. तुम्ही हे जाता जाता लिहिलंय. ती फोन का उचलत नाही, याचं उत्तर मला बरंचसं या ओळीत दिसतं. नोकरी लागली की फेडीन असं तिनं ठरवलं असेल. आता नोकरी नाही, पैसे नाहीत, आणि समोर तुम्ही. तुमचा फोन वाजला की तिला त्यात सावकाराचा फोन ऐकू येत असेल, तुमच्या मनात तसं काहीही नसलं तरी. हे पहिल्यांदा सोडवा. संस्थेला सांगून ती रक्कम फी-साहाय्य म्हणून नोंदवता येते का बघा, आणि नसेल होत तर ती सरळ सोडून द्या. ‘जमेल तेव्हा दे’ म्हणू नका, त्यानं ओझं तसंच राहतं. मेंटॉर म्हणून काम करणाऱ्या सगळ्यांनाच सांगते, पैसे द्यायचे तर संस्थेमार्फत द्या आणि उघड द्या. दोघांतला खासगी उधार नातं कधी गिळून टाकतो ते कळतही नाही. विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्राच्या कामगार कल्याण विभागाची शिष्यवृत्ती आहे, अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर होतो. इयत्ता आणि अभ्यासक्रमानुसार वर्षाला १,००० ते २५,००० रुपये मिळतात. आईचं विडी कामगाराचं ओळखपत्र असेल, तर तिनं हा अर्ज केलाय का, हे विचारायला हवं होतं. आताही वेळ गेलेली नाही.

फोन करू नका. एक मेसेज पाठवा, साधा. असा काहीतरी: ‘ते पैसे तुझ्या फीचे होते, परत द्यायचे नाहीत. पुण्याला गेली नाहीस म्हणून मला वाईट वाटलं होतं, आता राग नाही. शनिवारी पाच वाजता संस्थेत मी नेहमीसारखी असेन. यावंसं वाटलं तर ये, नोकरीचं बोलायचं नसेल तर नको बोलूया.’ मग खरंच जाऊन बसा. ती पहिल्या शनिवारी येणार नाही कदाचित.

ती आली की तिच्या परवानगीनं आईला भेटा. आईची तुमची गाठ पडली असेल ती उद्घाटनाच्या कार्यक्रमात आणि फोटोच्या वेळी, तेवढीच. जाताना आईला सोयीची वेळ विचारा, विड्या द्यायच्या घाईत असताना जाऊ नका. तिला पटवायला म्हणून तर मुळीच जाऊ नका. तिला विचारा: तुमच्या गल्लीतली कुणी पोरगी पुण्याला गेली होती का, तिचं काय झालं? या घरांना पुण्याची जी माहिती असते, ती कंपनीच्या सादरीकरणातून आलेली नसते. कुणाची तरी भाची तीन महिन्यांत परत आली, कुणाचं पगाराचं थकलं, कुणाला रात्रीच्या पाळीला टाकलं, यातून ती आलेली असते. ती ऐकल्याशिवाय ‘घरच्यांचे विचार मागासलेले’ असं म्हणण्याचा आपल्याला अधिकार नाही. तुमच्याच पत्रात लिहिलंय की मुलगी घरी तेलुगू बोलते, शाळा मराठी, शेजारी कानडी, बाजारात हिंदी. आणि तिची अडचण म्हणून तुम्ही ‘कच्चं इंग्रजी’ लिहिलंत! चार भाषांत माणसांशी बोलता येणारी मुलगी आहे ती. बँका, विमा कंपन्या, मोठी इस्पितळं यांच्या ग्राहकसेवेत तेलुगू आणि कानडी बोलणाऱ्या माणसांची गरज असते. हे तिच्या बायोडेटात कुठे आहे?

कारण वेगळंही असू शकतं, हे मी विसरलेले नाही. तिचं लग्न ठरवलं जात असेल आणि ते तिला नको असेल, घरात मारहाण असेल, मोबाइल काढून घेतला असेल, तर मी वर लिहिलेला हिशेब बाजूला ठेवा. ती सज्ञान आहे. संस्थेतल्या अनुभवी कार्यकर्तीला सोबत घ्या, १८१ ही महिला हेल्पलाइन तिला माहीत आहे याची खात्री करा. एकट्यानं घरच्यांशी भांडायला जाऊ नका, तुम्ही संध्याकाळी घरी परताल आणि ती तिथेच राहणार आहे.

धरून चालू की तसं काही नाही. मग पुढे काय?

पुण्याची वाट बंद झालेली नाही. गिरण्यांचं शहर म्हणून आपल्या सोलापूरचं नाव होतं, १८७७ मध्ये जुनी मिल सुरू झाली तेव्हापासून बाहेरची माणसं इथे कामाला येत होती. गिरण्या बंद पडल्या आणि ‘शिकलेल्यानं पुण्याला जायचं’ हे आपण इतकं गृहीत धरलं, की न जाणारा आपल्याला हरलेला वाटतो. मला स्वतःला वाटतं, तिनं बी. कॉम. पूर्ण करून मग जावं की नाही ते ठरवावं. दीड वर्ष हा फार मोठा काळ नाही. आत्ताच जायचं असेल, तर नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून पदवी पुढे चालू ठेवता येईल का, आधीचे श्रेयांक (क्रेडिट) धरले जातील का, हे कॉलेज सोडताना नव्हे, ऑफर स्वीकारण्यापूर्वी विचारायचं. राहायला नोकरदार महिलांचं वसतिगृह मिळतं का तेही बघा. केंद्राच्या ‘मिशन शक्ती’ योजनेत अशा वसतिगृहांना ‘सखी निवास’ म्हणतात, ती खासगी पीजीपेक्षा बहुधा स्वस्त पडतात.

आणि सोलापूर? इथे कर सल्लागारांच्या आणि सीएंच्या कार्यालयांत टॅलीवर (हिशेबाचं सॉफ्टवेअर) काम करणाऱ्या आणि जीएसटी विवरणपत्रं भरणाऱ्या मुलींची गरज असते. पतसंस्था, चादर-टॉवेलचे कारखाने, युनिफॉर्म शिवणारे गारमेंटवाले, आसपासच्या जिल्ह्यांतून आणि कर्नाटकातून रुग्ण येतात ती इस्पितळं, सगळीकडे हिशेबाचं काम आहे. पगार सुरुवातीला कमी, सात-आठ हजारही असेल. पण घरी राहून, कॉलेज सांभाळून मिळणारे सात हजार आणि पुण्यातले हातात येणारे बारा हजार यांची तुलना तुम्ही वरच्या हिशेबानं करा. इथे धोका वेगळा आहे, तोही लपवत नाही. छोट्या कार्यालयात माणूस त्याच खुर्चीत सहा वर्षं बसू शकतो. म्हणून नुसतं काम शोधू नका, शिकायला काय मिळणार ते बघा. ताई, तुम्हीच अकाउंट्समध्ये आहात. बायोडेटापेक्षा मोठी गोष्ट तुमच्याकडे आहे, ती म्हणजे ओळखी. तुमच्या कंपनीचे लेखापरीक्षक, पुरवठादार, बँकेतले लोक. तिच्या वडिलांच्या ओळखीचे सगळे मागावर, आईच्या ओळखीच्या सगळ्या विडीत. तिला सीएच्या कार्यालयात एक दिवस नेऊन बसवणारं कुणीच नाही. ते तुम्ही करू शकता, आणि सगळ्या शनिवारच्या सरावापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल असं मला वाटतं.

पदवीनंतरचे आणखी दोन रस्ते लिहून ठेवा. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत, जी २०२४ मध्ये सुरू झाली, पदवीधराला महिना १०,००० विद्यावेतन ठरवलेलं आहे, बारावीला ६,००० आणि आयटीआय किंवा पदविकेला ८,०००. दुसरा, १९६१ च्या अ‍ॅप्रेंटिस कायद्याखालची शिकाऊ उमेदवारी, जी आता बी. कॉम.सारख्या पदवीधरांनाही खुली आहे. दोन्हींच्या अटी आणि मुदती बदलत असतात, तेव्हा अर्ज करायच्या दिवशी पोर्टल उघडूनच बघा. आणि दोन्ही प्रशिक्षणं आहेत, कायम नोकरीची हमी नाही, हे तिला आधीच स्पष्ट सांगा.

आता तुमच्या कंपनीकडे येते, कारण अर्धा दोष तुमच्या वरिष्ठांच्या त्या ‘समजावा तिला’मध्ये आहे.

सीएसआर हे कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ चं बंधन आहे. नेटवर्थ (देणी वजा जाता मालमत्ता) ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातला एकही टप्पा गाठणाऱ्या कंपनीनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची. खर्च दाखवायचा, म्हणून ३१ मार्चची घाई. पण कायद्यात ‘चालू प्रकल्प’ अशी तरतूद आहे. सुरू झालेलं वर्ष सोडून आणखी तीन वर्षांपर्यंत असा प्रकल्प चालवता येतो. म्हणजे एकोणीस वर्षांच्या मुलीनं मार्चच्या आत पुण्याला गेलंच पाहिजे, असं कायदा म्हणत नाही. ते फक्त कंपनीच्या तक्त्यातला रकाना म्हणतो. तो रकाना बदला, असं तुम्ही लेखी मागा. किती जणांना ऑफर मिळाली याऐवजी सहा महिन्यांनी आणि वर्षानं किती जण कामावर टिकून आहेत, हातात किती पगार येतो, शिक्षण सुटलं का, एवढं नोंदवा. काम सोलापुरातलं असो की पुण्यातलं, दोन्ही सारखंच मोजा.

दुसरी मागणी पैशाची. टी-शर्ट, स्टेज, मानचिन्हं यांवर जातो त्यातला काही भाग एका छोट्या निधीत ठेवा. नोकरीसाठी गाव सोडणाऱ्या प्रत्येकाला पहिला पगार येईपर्यंतचं डिपॉझिट, भाडं आणि प्रवास त्यातून द्यायचा. आठ महिने मुलाखतीची तयारी करून घ्यायची आणि शेवटच्या पंधरा हजारांसाठी मुलीला एकटं सोडायचं, हे मला फार चुकीचं वाटतं. तिच्यासाठी नसेल जमत, तर पुढच्या तुकडीसाठी तरी भांडा.

यशोगाथेचं उत्तर सरळ आहे. ती स्टेजवर येणार नाही. तिच्या घराची गरिबी, आईचं काम, फोटो, यातलं काहीही तिच्या स्पष्ट होकाराशिवाय कुठेही वापरायचं नाही, आणि तो होकार मेंटॉरनं मागायचा नाही. मेंटॉरला नाही म्हणणं मुलांना फार जड जातं. संस्थेतल्या दुसऱ्या कुणी विचारावं.

दुसऱ्या मुलीला वेळ द्यावा का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स यांनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या अशा मेंटॉर-जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. वर्षभर किंवा जास्त टिकलेल्या जोड्यांतल्या मुलांना सर्वांत जास्त फायदा झाला, आणि लवकर तुटलेल्या जोड्यांतल्या काही मुलांची स्वतःबद्दलची किंमत आधीपेक्षाही घसरली. तिथली मुलं वेगळी, वयानं लहान, परिस्थिती वेगळी. तरी एवढं त्यातून घ्यावं की अर्ध्यात सोडलेला हात कधी कधी न धरलेल्या हातापेक्षा जास्त दुखवतो. ‘जिला खरंच पुढे जायचंय’ असं तुम्ही लिहिलंत, तेव्हा हिला जायचं नाही असं तुम्ही ठरवून टाकलंत. तसं ठरवू नका. किमान वर्ष पूर्ण होईपर्यंत शनिवार तिचा ठेवा. ती आलीच नाही, तर वर्ष संपताना एक शेवटचा निरोप पाठवा, नंबर तोच आहे हे सांगा, आणि मग दुसरी मुलगी घ्या. दुसऱ्या मुलीच्या वेळी पहिल्याच महिन्यात तिच्या घराचा आठवड्याचा जमाखर्च तिच्याकडूनच मांडून घ्या, बायोडेटा त्यानंतर.

वरिष्ठांना जो मेल लिहाल, त्यात तिचं नाव घालू नका. ‘उमेदवारानं शिक्षण पूर्ण करण्याचा निर्णय घेतला, मेंटॉरशिप चालू आहे’ एवढं पुरे, पण ते तिच्याशी बोलून खरं झाल्यावरच लिहा.